वीज नसताना रिले कुठल्या बाजूला?

डोंगरमाथ्यावर हौशी रेडिओचा रिपीटर उभारायचा ठरला, की अँटेना आणि ड्युप्लेक्सर यांवर क्लबात लवकर एकमत होतं. वाद रंगतो तो पॉवर ॲम्प्लिफायरवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘पीए’वर. रिपीटरमधला सगळ्यात जास्त तापणारा आणि सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग हाच, त्यामुळे उडण्याची भीतीही त्याचीच जास्त. तो उडाला तर पुढे काय करायचं? एक बाजू म्हणते, रिले लावा. बिघडलेला पीए आपोआप बाजूला होईल आणि राखीव पीए जोडला जाईल. दुसरी बाजू म्हणते, रिले हाच बिघडणारा आणखी एक भाग, तो त्या वाटेत आणूच नका.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण रिपीटरची खरी गरज वाईट दिवशी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणूस माणसापर्यंत पोहोचू शकत नव्हता. अशा दिवशी डोंगरावरचा पीए बदलायला कोण जाणार?

दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून हा वाद मी एका काका-पुतणीच्या तोंडी दिला आहे. काकांची सगळी नोकरी प्रक्षेपण केंद्रावरच्या ट्रान्समीटरच्या देखभालीत गेली. पुतणी आरएफ सर्किटं आखणारी अभियंता. परवाना दोघांकडेही. समोर योजना आहे ती दोन मीटर बँडवरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधल्या, क्लबच्या रिपीटरची: एक्सायटर १० वॅटचा, पीए ५० वॅटचा, पाठीशी १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी.

पुतणी: काका, माझा आराखडा सरळ आहे. दोन पीए, एक कामावर, एक राखीव. दोघांच्या आधी एक कोॲक्स रिले, दोघांच्या नंतर एक. पुढे डायरेक्शनल कपलर पॉवर मोजत राहतो. एक्सायटर १० वॅट देतोय आणि तरी पुढे ५० वॅट निघत नाहीत असं दिसलं, की कंट्रोलर दोन्ही रिले पलीकडे टाकतो. रिपीटर पुन्हा हवेवर. भर जुलैत कोणाला डोंगर चढावा लागत नाही.

काका: कागदावर सरळ आहे. वर गेल्यावर बघ काय होतं ते. दोन रिले म्हणजे सहा कनेक्टर, दोन कॉइल, हलणारे संपर्क, आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारा कंट्रोलर. उद्या पीए ठणठणीत असेल आणि रिलेचा संपर्क काळा पडला म्हणून स्टेशन मुकं होईल. माझं म्हणणं इतकंच, की अँटेनाकडे जाणारी वाट एकच ठेव. आणि १०० वॅटचा पीए घेऊन तो ५० वर चालव. एफएममध्ये कॅरिअर अखंड असतो, बोललं काय नि गप्प राहिलं काय, पीए तापतच राहतो. अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला पीए पूर्ण ताकदीवर लावायचा आणि मग तो जळाला म्हणून राखीव शोधायचा, हा उलटा क्रम आहे.

पुतणी: निम्म्या ताकदीवर चालवणं मला मान्य आहे, ते मी करणारच आहे. पण थंड राहिलेला पीएसुद्धा मरतो. पंखा अडकतो, वीज कडाडते, मुंग्या शिरतात. तेव्हा काय?

काका: आधी माझी मोठी शंका ऐक. साध्या सेटमध्ये अँटेना रिले ऐकताना रिसीव्हरकडे असतो, बोलताना ट्रान्समीटरकडे. दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत, म्हणून तिथे रिले शोभतो. रिपीटर एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, तेही फक्त ६०० किलोहर्ट्झच्या अंतराने. ट्रान्समीटरचे ५० वॅट म्हणजे अधिक ४७ डीबीएम. रिसीव्हरने पकडायचा सिग्नल ०.२ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे उणे १२१ डीबीएम. दोघांमध्ये १६८ डेसिबलची दरी. अशा जागी धातूचा एखादा सैल सांधा सूक्ष्म ठिणग्या टाकायला लागला, तर त्याची खरखर सगळ्या बँडभर पसरते आणि लांबच्या हॅण्डीचा आवाज तिच्यात बुडतो. हा बिघाड शोधणं महाकठीण. पॉवर बरोबर दिसते, एसडब्ल्यूआर बरोबर दिसतो, आणि रिसीव्हर मात्र बहिरा.

पुतणी: बरोबर आहे, पण सांधा कुठे आहे यावर ते अवलंबून आहे. ड्युप्लेक्सर आणि अँटेना यांच्या मध्ये रिले टाकला, तर तिथला गोंगाट रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवर थेट आत जाईल. त्या फ्रीक्वेन्सीला वाट देणं हेच रिसीव्हर बाजूच्या कॅव्हिटींचं काम आहे. माझे रिले मात्र पीए आणि ड्युप्लेक्सर यांच्या मध्ये आहेत. तिथला गोंगाट आधी ट्रान्समीटर बाजूच्या कॅव्हिटींतून जातो, आणि त्या कॅव्हिटी रिसीव्ह फ्रीक्वेन्सीला ८० डेसिबलच्या आसपास दाबण्यासाठीच ट्यून केलेल्या असतात. पीएचा स्वतःचा गोंगाटही त्याच अडवतात. रिलेची खरखर त्याच गाळणीत अडकेल.

काका: केबलमधून निघालेली अडकेल. कपाटात हवेतून पसरलेली?

पुतणी: त्यासाठी धातूच्या बंद कवचातला कोॲक्स रिले आणि दुहेरी जाळीची केबल. बोर्डावर बसणारा साधा रिले मी इथे लावणार नाही. तो ५० ओहमला जुळत नाही, आणि त्याच्या उघड्या संपर्कातून बरीच आरएफ पलीकडे झिरपते. पीएच्या आउटपुटचा अंश असा इनपुटला परत मिळाला, तर पीए स्वतःच घुमायला लागेल. चांगल्या कोॲक्स रिलेमध्ये या बँडवर ही गळती नगण्य असते आणि वाटेतलं नुकसान डेसिबलच्या एखाद-दोन दशांशांच्या आत.

काका: मग पहिला नियम लिही. ड्युप्लेक्सरच्या पुढे, अँटेनाच्या वाटेवर, एकही हलता संपर्क नको. राखीव अँटेनासाठीसुद्धा नको. हा नियम पाळणार असशील तर मी पुढचं ऐकतो.

इथवर आल्यावर काकांचा सूर थोडा बदलला. रिले नकोच, या म्हणण्यावरून ते रिले किती वेळा हलणार, या प्रश्नाकडे वळले. माझ्या मते या वादातला कळीचा प्रश्न हाच आहे आणि क्लबांच्या चर्चेत तोच बहुतेकदा सुटून जातो.

काका: मी पाहिलेले जळके रिले बहुतेक एकाच प्रकारचे. बाजारातून गाडीत लावायचा तयार ॲम्प्लिफायर आणायचा आणि तो तसाच रिपीटरला जोडायचा. त्या डब्यात आत रिले असतो. सेटकडून आरएफ आली की डबा ते ओळखतो, रिले ओढतो आणि पीए वाटेत आणतो. आरएफ थांबली की सोडतो, म्हणजे सेटला ऐकता यावं. गाडीत त्याची गरज आहे. रिपीटरमध्ये ट्रान्समीटरच्या केबलवर ऐकायचं काहीच नसतं. तरी तो रिले प्रत्येक कॅरिअरला टक-टक करत राहतो.

पुतणी: आणि त्याची रचनाच अशी, की आरएफ आल्यावरच तो हलतो. म्हणजे प्रत्येक वेळी वाहत्या पॉवरवर संपर्क उघडतो नि मिटतो.

काका: हिशोब कर. दिवसाला ३०० वेळा रिपीटर उठला असं धर. वर्षाला एक लाखाच्या वर. उत्पादक दहा लाख वेळा हलण्याची हमी देत असेल, ती रिकाम्या संपर्काची. पॉवर वाहत असताना हलवलास तर तो आकडा विसरायचा.

पुतणी: म्हणून तयार डबा वापरायचा झालाच, तर त्यातला रिले काढून पीए कायमचा वाटेत जोडायचा. बायसही कायमचा ठेवायचा, किंवा पीटीटीबरोबर आधी चालू करायचा. यात आपलं भांडण नाही.

काका: नाही. दुसरा नियम: रोज हलणारा रिले रिपीटरच्या ट्रान्समीटरमध्ये नको. वर्षाकाठी मोजक्या वेळा हलणारा चालेल की नाही, ते आता तू पटव.

पुतणी: तो हलेल तेव्हा वाटेत पॉवर नसेल. ५० ओहमच्या केबलमधून ५० वॅट म्हणजे १ अँपिअर करंट आणि ५० व्होल्ट. आकडे लहान दिसतात, पण १४५ मेगाहर्ट्झला प्रवाहाची दिशा साडेतीन नॅनोसेकंदांनी पालटते. संपर्क सुटताना पेटलेली ठिणगी त्या शून्याच्या क्षणी विझायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय संपर्क हवेत असतो त्या काही मिलिसेकंदांत पीएच्या पुढे काहीच जोडलेलं नसतं; सगळी पॉवर ट्रान्झिस्टरवर परत येते. म्हणून क्रम ठरलेला: कंट्रोलर आधी पीटीटी सोडेल, ५० मिलिसेकंद थांबेल, रिले टाकेल, आणखी ५० मिलिसेकंद थांबेल, मग पीटीटी पुन्हा देईल. ऐकणाऱ्याला क्षणभर स्क्वेल्चचा खस्स आवाज येईल, बस्स.

काका: हा क्रम कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आहे की तारांमध्ये?

पुतणी: प्रोग्रॅममध्ये.

काका: तारांमध्येही हवा. रिले आपल्या जागी पोहोचल्याची खबर देणारा वेगळा संपर्क बऱ्याच कोॲक्स रिलेंना असतो. पीटीटीची तार त्या संपर्कांतून ने. प्रोग्रॅम अडकला, प्रोसेसर बावचळला, तरी रिले अर्धवट असताना ट्रान्समीटर उठताच कामा नये.

पुतणी: हे मी घेते. मनापासून घेते.

काका: आता तुझ्या राखीव पीएकडे येऊ. पहिला पीए का मेला?

पुतणी: कारणं अनेक.

काका: डोंगरावर दोनच कारणं जास्त. एक वीज कडाडणं. दुसरं, पावसात अँटेनाच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. पाणी शिरलं की पॉवर परत फिरते, पीए तापतो, मरतो. तुझा कपलर बघतो, पुढची पॉवर पडली. कंट्रोलर हुकूम देतो, राखीव आणा. राखीव त्याच पाण्याने भरलेल्या कनेक्टरवर जोडला जातो. तोही मरतो. एका रात्रीत दोन पीए गेले आणि स्टेशन बंदच. वीज कडाडल्यावरही तेच. दोघं एकाच कपाटात, एकाच अर्थिंगवर, एकाच पुरवठ्यावर. राखीव भाग कामाच्या भागासारखाच आणि त्याच्याच शेजारी असेल, तर एका घावात दोघंही जातात.

पुतणी: पीएच्या पुढे सर्क्युलेटर टाकला तर परतणारी पॉवर डमी लोडमध्ये जिरेल.

काका: जिरेल, आणि तो टाकच. पण आधी कंट्रोलरने नेमकं काय ओळखायचं ते ठरव.

पुतणी: ठीक आहे. दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. एक्सायटर चांगला, परतणारी पॉवर कमी, आणि तरी पुढची पॉवर पडलेली, म्हणजे दोष पीएमध्ये. परतणारी पॉवर वाढलेली, म्हणजे दोष अँटेना, केबल किंवा ड्युप्लेक्सरमध्ये. तिथे दुसरा पीए पाठवायचा नाही, पॉवर कमी करायची. मोजणारा कपलर सर्क्युलेटरच्या पुढे, ड्युप्लेक्सरच्या तोंडाशी हवा, नाहीतर परतणारी पॉवर त्याला दिसणारच नाही.

काका: पॉवर कमी करायची, म्हणालीस. कशी?

पुतणी: पीए वाटेतून काढून एक्सायटरचे १० वॅट थेट ड्युप्लेक्सरकडे.

काका: मग राखीव पीए कशाला? पीएमध्ये दोष आला तरी तेच कर. अँटेनात दोष आला तरी तेच कर. लाइट गेली तरी तेच कर. रिले दोनच, काम एकच: पीएला बाजूला काढून सरळ वाट मोकळी करणं.

मला वाटतं, आराखड्याला खरं वळण इथे मिळालं, आणि ते रिलेला सुरुवातीपासून विरोध करणाऱ्या माणसाकडून आलं. पुतणीने मात्र लगेच होकार दिला नाही, आणि तिची हरकत रास्त होती.

पुतणी: ५० वरून १० वॅट म्हणजे ७ डेसिबलचा तोटा. एस-मीटरवर एका घराहून थोडा जास्त. शहरातल्यांना फरक कळणारही नाही. पण कडेच्या गावातला माणूस, घाटाच्या सावलीतला, ज्याला आत्ताच आवाज खरखरत येतो, त्याचा सिग्नल एफएमच्या उंबरठ्याखाली गेला की शब्दच हरवतात. आणि आपत्तीत मदत हवी असते ती बहुतेकदा त्याच माणसाला.

काका: तो माणूस बोलणार कशावर?

पुतणी: हॅण्डीवर. ५ वॅट.

काका: म्हणजे त्याचे ५ वॅट वर पोहोचले पाहिजेत. वाट दोन्हीकडून सारखीच. सह्याद्रीच्या धारेवर १,३०० मीटर उंचीवरून कोकणाकडे पाहिलं, तर रेडिओचं क्षितिज दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं. तिथवर आपला ५० वॅटचा आवाज जाईल, पण तिथल्या रबरी अँटेनाच्या हॅण्डीचा आवाज वर येईलच असं नाही. असल्या रिपीटरला हॅम मंडळी मगर म्हणतात: तोंड मोठं, कान लहान. १० वॅटवर बोलणारा आणि ५ वॅट नीट ऐकणारा रिपीटर समतोल असतो. तुला कडेच्या गावाची काळजी असेल, तर पैसे अँटेना उंच नेण्यात घाल, केबल कमी नुकसानीची घे, ड्युप्लेक्सर नीट ट्यून कर. यातून मिळालेला प्रत्येक डेसिबल जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मिळतो. पीएचा डेसिबल फक्त जाताना.

पुतणी: गाडीतल्या ५० वॅटच्या सेटवाल्याचं काय? तो वर सहज पोहोचतो. त्याला परत ऐकायलाही तेवढीच पॉवर लागते. आणि हॅण्डीवाल्याच्या भोवती आज एलईडी दिव्यांचा, चार्जरचा, इन्व्हर्टरचा गोंगाट असतो. डोंगरावरचा रिसीव्हर शांत जागी बसलाय, खाली तशी शांतता नाही. दोन्ही बाजूंना सारखे वॅट म्हणजे समतोल, हे हिशोबात खरं असलं तरी गावात पुरत नाही. रोजच्या दिवसासाठी ५० वॅट हवेतच.

काका: रोजच्या दिवसासाठी ठेव. परवान्यात बसतील तेवढेच, हे वेगळं सांगायला नको. मी वाईट दिवसाबद्दल बोलतोय.

पुतणी: वाईट दिवसासाठी हलत्या संपर्काशिवायही उपाय आहे. २५-२५ वॅटचे दोन पीए हायब्रिड कम्बाइनरने जोडायचे. एक्सायटरचे १० वॅट आधी निम्मे-निम्मे वाटायचे, पुढे २५ आणि २५ एकत्र येऊन ५०. एक पीए मेला, तर उरलेल्याची निम्मी पॉवर कम्बाइनरच्या लोडमध्ये जाते आणि साडेबारा वॅट हवेवर राहतात. कोणी हुकूम द्यायचा नाही, काही हलायचं नाही, क्षणाचाही खंड नाही. तुम्हाला तर हे आवडायला हवं.

काका: आवडलंच. रिले नाही, कंट्रोलर नाही. प्रक्षेपण केंद्रांवरही हीच पद्धत. मोठ्या ट्रान्समीटरमधली अनेक मॉड्यूल अशीच जोडलेली असतात. एक गेलं तरी कार्यक्रम चालू राहतो. मी हेच लावलं असतं.

पुतणी: लावलं असतं? मग आता माझी पाळी. लाइट गेली. बॅटरीचा हिशोब करू. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणून १०० पैकी ५० अँपिअर-अवर धरू. पीएची कार्यक्षमता निम्मी धरली, तर ५० वॅटसाठी १०० वॅट लागतात, म्हणजे ८ अँपिअर. एक्सायटरला अडीच, बाकी सगळ्याला अर्धा. एकूण ११. सलग कॅरिअरवर साडेचार तास, आणि एवढ्या करंटवर बॅटरी छापील क्षमताही पूर्ण देत नाही.

काका: हायब्रिडमध्ये एक पीए बंद ठेवला तर?

पुतणी: पीएला ४, एक्सायटरला अडीच, बाकी अर्धा. ७ अँपिअर, सात तास. हवेत साडेबारा वॅट, आणि तेवढेच वॅट डमी लोड तापवण्यात वाया. पीए पूर्ण बाजूला काढला, तर ३ अँपिअर. सोळा तासांहून जास्त. हवेत १० वॅट. साडेबारा आणि दहा यांतला फरक १ डेसिबल. ऐकणाऱ्याला तो कळत नाही. वेळ मात्र दुपटीहून जास्त. आणि खरं बोलणं सलग नसतं. एक-तृतीयांश वेळच कॅरिअर असेल, तर सोळा तासांचे सहज दीड दिवस होतात.

काका: (थोडं थांबून) म्हणजे रिलेची बाजू मी मांडली आणि हिशोब तू केलास.

पुतणी: आणि दुसऱ्या पीएची बाजू मी सोडली.

काका: अजून एक राहिलं. रिलेच्या कॉइलला वीज नसताना तो कुठल्या बाजूला असेल?

पुतणी: मी लॅचिंग रिले धरला होता. एक झटका दिला की पलीकडे जातो आणि तिथेच राहतो. कॉइलला सतत वीज लागत नाही, कॉइल तापत नाही.

काका: आणि झटका देणारा कंट्रोलरच मेला तर?

पुतणी: जिथे होता तिथेच राहील. म्हणजे मेलेल्या पीएकडे.

काका: म्हणून तो नको. साधा, स्प्रिंगवर परतणारा रिले घे. विश्रांतीची बाजू सरळ वाटेची. पीए वाटेत ठेवायचा तर कॉइलला वीज द्यावी लागेल. रोजच्या दिवशी मुख्य पुरवठा असतो, तेव्हा दोन कॉइलची थोडी वीज परवडते. आणि पीएचा पुरवठा नि कॉइलचा पुरवठा एकाच फ्यूजमागे ठेव. फ्यूज उडाला, कॉइल जळाली, कंट्रोलर अडकला, तार उंदराने कुरतडली, कुठूनही बिघडलं तरी दोन्ही रिले स्प्रिंगने परततील आणि १० वॅट अँटेनाकडे जातील.

पुतणी: कॉइलला वीज आहे आणि संपर्क चिकटलाय, असं झालं तर?

काका: तेवढी एक शक्यता उरते. म्हणूनच पॉवर नसताना हलवायचं. चिकटतो तो ठिणगीने. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम हलवायचं. वापरात नसलेल्या संपर्कावर दमट हवेत थर चढतो. कंट्रोलरला सांग, ठरलेल्या पहाटे, कोणी बोलत नसताना, सरळ वाटेवर जा, पाच मिनिटं १० वॅटवर राहा, पुढची आणि परतणारी पॉवर नोंदव, परत ये. वर्षाला बारा वेळा. रिले त्याने झिजत नाही. आणि जूनच्या आधी ती बारा नोंदींची वही कोणीतरी वाचायची.

पुतणी: आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की?

काका: पडायची वाटच बघू नको. लाइट गेली की लगेच सरळ वाटेवर. बॅटरी भरलेली असतानाच वाचवायची.

काका-पुतणीचं सगळ्यावर एकमत झालेलं नाही. रस्त्याने वर्षभर पोहोचता येणाऱ्या टेकडीवर, खात्रीच्या वीजपुरवठ्यावर, काका आजही हायब्रिड लावतील. पुतणी म्हणेल, की एक्सायटर उडाला तर दोन्ही योजना सारख्याच मुक्या, म्हणून राखीव ठेवायचाच तर तो एक्सायटरचा ठेवावा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि जागा बदलली की उत्तर बदलेल.

पण दोघं मिळून जिथे पोहोचले ते मला प्रत्येक क्लबापर्यंत पोहोचवावंसं वाटतं. रिले चांगला की वाईट, यावर रात्री घालवू नयेत. तो ड्युप्लेक्सरच्या कुठल्या बाजूला आहे, किती वेळा हलतो, हलताना वाटेत पॉवर असते का, आणि वीज नसताना कुठे जाऊन पडतो, हे चार प्रश्न विचारावेत. चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण वादळात पहिली जाते ती वीजच. रिपीटरची किंमत त्याच्या वॅटवर ठरत नाही. भाग एकेक करून साथ सोडत असताना तो किती वेळ बोलत राहतो, यावर ठरते.

याची परीक्षा डोंगरावर जाण्याआधी टेबलावरच घेता येते. रिपीटर डमी लोडला जोडून चालू करावा. पीएचा फ्यूज काढावा. मग कंट्रोलरची तार काढावी. मग रिलेच्या एका कॉइलची, मग दुसरीची. प्रत्येक वेळी एक गोष्ट तोडायची, पुन्हा जोडायची आणि पॉवर मीटरकडे बघायचं. एका कॉइलची तार तुटली आणि दुसरा रिले ओढलेलाच राहिला, तर सरळ वाट अर्धीच जुळते आणि स्टेशन गप्प होतं. ही चूक आराखड्यात दिसत नाही, या चाचणीत लगेच सापडते. दोन्ही कॉइल एकामागे एक जोडल्या, म्हणजे २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर १२ व्होल्टच्या दोन, तर एक तुटताच दोन्ही सुटतात. प्रत्येक तार काढल्यावर मीटर १० वॅट दाखवत राहिला, तरच तो रिपीटर पावसाळ्याच्या तोंडावर वर न्यावा. एकाही वेळी काटा शून्यावर गेला, तर तो वर नेण्याची घाई करू नये. तो दोष ऊन असताना, खाली, सगळे हजर असताना दुरुस्त करण्यातच क्लबाची जबाबदारी आहे.